घशाची तार

सोमवार, ३

आज पत्र हातात पडलं. महिनाअखेर माझ्या खोलीला कुलूप लागणार. खोली म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळमजल्यावरची, शरीररचना विभागाच्या मागची. एकतीस वर्षं मी तिथे मेणाची माणसं केली. अख्खा माणूस कधीच नाही केला. हात, यकृत, कान, अर्धं डोकं, असं सुटं सुटं. विद्यार्थी मला मेणकाका म्हणतात. आता तीच यकृतं यंत्रातून प्लास्टिकची निघतात, तासाला एक, आणि उन्हाळ्यात मऊ पडत नाहीत. मेण नको म्हटल्यावर मेणकाका कशाला हवा?

पण मॅडमनी माझ्यासाठी शब्द टाकला. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. संग्रहालयात गर्भाच्या वाढीचं नवं दालन २८ तारखेला उघडतंय. त्यातले नमुने माझ्याच हातचे, शेवटचे, आणि दालन उघडल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगायचं कामही मलाच. अधिष्ठाता म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी बघू कसं बोलता ते, जमलं तर कायम करू. नाही जमलं तर कानाला लावायची यंत्रं आणणार आहेत. त्यात कुणाचा तरी गोड आवाज भरलेला असेल.

इतकी वर्षं माझं पोट हातावर होतं, आता गळ्यावर आलं. आणि नेमका आजच गळा बसला.

बुधवार, ५

आवाज अजून फाटलेलाच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं काम काय करता, मी म्हणालो मेण उकळतो. त्यांनी मान डोलवली आणि औषध लिहिलं. मेणाचा धूर, टर्पेंटाइनचा वास, घसा धरणारच. जेवताना पाणी प्यायलो तर जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ही म्हणाली, "एवढी आठवण कोण काढतंय तुमची? मी तर इथेच बसलेय."

मिठाच्या गुळण्या चालू केल्या आहेत. तेवीस दिवस हातात आहेत.

शनिवार, ८

आज माझं हसू झालं, आणि तेही माझ्याच कामावरून.

दालनात शेवटचा नमुना मोठ्या माणसाचा आहे: मान आणि छाती, समोरून उघडी. माझ्या आधीच्या कारागिराचा जुना नमुना समोर ठेवून मी तो करतोय. आमच्याकडे नसा पिवळ्या तारेने दाखवतात. स्वरयंत्राला जाणारी डावीकडची तार लावायला घेतली तेव्हा दिसलं की त्या जुन्या कारागीरबुवांनी गोंधळ घातलाय. तार कवटीतून खाली येते, स्वरयंत्राच्या शेजारून जाते, पण तिथे थांबत नाही. थेट छातीत उतरते, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जिथे छत्रीच्या मुठीसारखी वळते तिथे तिच्या खालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राला मिळते. दोन बोटांच्या अंतरासाठी दोन वितींचा प्रवास. मी मनात म्हणालो, म्हाताऱ्याची नजर गेली असणार शेवटी. तार कापली, सरळ नेऊन जोडली, वर मेणाचा हात फिरवला. सुबक दिसत होतं.

मॅडम आल्या, वाकून बघितलं, आणि हसत सुटल्या. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी.

"मेणकाका, ही तार कुणी सरळ केली?"

"मी. जुन्यात चुकली होती."

"चुकलेली नाही. ती तशीच असते. सगळ्यांच्या अंगात. माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या."

मी म्हणालो, असं कसं असेल, हा काय शहाणपणा झाला? त्या म्हणाल्या, जिराफात तर ती कित्येक हात लांब असते, खाली जाऊन परत वर. मग म्हणाल्या, "तुम्ही फार छान प्रश्न विचारलात. आपलं दालन त्याच प्रश्नासाठी आहे."

प्रश्न मी विचारलाच नव्हता. तार कापली होती.

मंगळवार, ११

मॅडमनी आज सूक्ष्मदर्शकाखाली सगळं दाखवलं. मासा, कोंबडी, डुक्कर, माणूस. सगळ्यांचे अगदी कोवळे गर्भ. माणसाचा पाच आठवड्यांच्या आतबाहेरचा, मुगाच्या दाण्याएवढा. शेपूट होतं त्याला. मानेच्या जागी एकाखाली एक आडव्या कमानी आणि मध्ये खाचा. मासा, कोंबडी, डुक्कर, प्रत्येकाला तशाच. माशात त्या कमानींचे पुढे कल्ले होतात. आपल्यात त्यांचंच सामान वापरून जबडा होतो, कानातली इवलीशी हाडं होतात, स्वरयंत्र होतं.

मी म्हणालो, मग सोपं आहे, एकच साचा करतो आणि चार वेळा ओततो. मॅडमचा चेहरा लगेच बदलला. "अजिबात नाही. मागे लोकांनी तसली चित्रं काढली, मुद्दाम सारखी केलेली, आणि त्यामुळे खऱ्या गोष्टीवरही लोक शंका घ्यायला लागले. जे वेगळं आहे ते वेगळंच दाखवा. जेवढं सारखं आहे तेवढं पुरेसं आहे." हे मला पटलं. चार साचे करतोय.

मग तारेचं सांगितलं. माशात ती मेंदूकडून निघते आणि शेवटच्या रक्तवाहिनीच्या मागून सरळ कल्ल्याला जाते. वळसा वगैरे काही नाही, कारण हृदय तिथेच, कल्ल्यांच्या खाली. आपल्या गर्भातही आधी हृदय हनुवटीखालीच असतं आणि तार तशीच सरळ त्या वाहिनीच्या मागून जाते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि आपल्याबरोबर वाहिनी खाली ओढून नेतं. तार तिच्यात अडकलेली. तुटता येत नाही, उडी मारून पलीकडे जाता येत नाही. ती बिचारी नुसती लांबत राहते. माशासाठी झालेली मांडणी मोडून कुणी नवी केलीच नाही, तिलाच ओढूनताणून माणूस केला.

एवढं ऐकून मी खोलीत येऊन बसलो. चार वेळा खोकलो.

शुक्रवार, १४

हे इथेच लिहितो, कुणाला बोलायचं नाही.

मी देवळात जाणारा माणूस नाही. पण रोज मेण तापत ठेवलं की हात जोडायचो. कुणाला, तर थोरल्या कारागिराला. मी कान करायचो तेव्हा वाटायचं, वा, काय हात आहे याचा. मी त्याच्या हाताखालचा, त्याने केलेल्या कामाची नक्कल करणारा. एकतीस वर्षं याच भरवशावर गेली. आज मेण तापलं, हात जोडायला गेलो आणि ती तार आठवली. माझ्या हाताखालच्या माणसाने असं काम केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं असतं. म्हणजे एक तर तो कारागीर नाही, किंवा तो नाहीच. हात तसेच खाली घेतले. मेण जळलं, वास सुटला.

रात्रीच्या जेवणाला हिला अर्धंमुर्धं सांगितलं. मला वाटलं, कंटाळेल. ती म्हणाली, "आपल्या दाराच्या बेलसारखं आहे हे."

"कसं काय?"

"बटण दाराशी, बेल दाराच्या वर, हातभर अंतर. पण तार कुठून जाते? माळ्यावरून, मागच्या खोलीतून फिरून. का? आधी दार मागे होतं. आपण पुढे खोली काढली, मग दुसरी काढली, आणि दर वेळी तुम्ही म्हणालात, तार आहे तीच पुढे ओढू. मुद्दाम कोण कशाला असं करेल? घर वाढत गेलं म्हणून झालं तसं."

आठवड्याभरात मला हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, दालनात तूच बोल. ती म्हणाली, "बोलेन की. माझा आवाज तरी शाबूत आहे."

चेष्टा होती, पण मला लागली.

रविवार, १६

पट्ट्याला घरीच आणखी एक भोक पाडलं. हिचं म्हणणं मी वाळत चाललोय. मी म्हणालो, चांगलंच आहे, पोट सुटलं म्हणून तूच ओरडायचीस. खरं तर ठसक्याच्या भीतीने मी कमी जेवतो. संग्रहालयाचा जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं. वय झालं, शिवाय नमुने उचलून डावा खांदाही धरलाय. प्रत्येकाचं कारण ठरलेलं आहे, काळजीसारखं काही नाही. काळजी फक्त आवाजाची.

ही मोठ्या डॉक्टरकडे चला म्हणते. मी २९ तारीख सांगितली. मोठा डॉक्टर म्हणेल बोलणं बंद ठेवा, महिनाभर. मग झालंच सगळं.

बुधवार, १९

दहाबारा विद्यार्थ्यांसमोर तालीम केली. माशापाशी ठीक होतो. कोंबडीपाशी आवाज चिरकला. डुकरापाशी कुणीतरी मागून म्हणालं, ऐकू येत नाही. मोठ्या माणसाच्या नमुन्यापर्यंत पोचलो तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. अधिष्ठात्यांचे कारकून दाराशी उभे होते. जाताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, त्या कानाच्या यंत्रांचा नमुना मागवून ठेवलाय, असू दे हाताशी.

मॅडमनी नंतर बाजूला घेतलं. "घसा दाखवलात का?"

"दाखवला. मोठ्या डॉक्टरांना."

"काय म्हणाले?"

"धुरामुळे आहे म्हणाले. मेण बंद झालं की बरा होईल."

धडधडीत खोटं. मॅडमशी मी आजवर कधी खोटं बोललो नाही. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, त्याचंच वाईट वाटतंय. आता त्यांच्यासमोर कमीत कमी बोलायचं ठरवलंय, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीत.

शनिवार, २२

पाट्या लिहायचं काम. माझं अक्षर चांगलं म्हणून तेही माझ्याच गळ्यात. शेवटच्या नमुन्याची पाटी मॅडमनी लिहून दिली आहे. मासा, वळसा, ओढलेली तार, सगळं आलं. शेवटी एक ओळ जास्तीची: "या नसेला छातीत कुठेही दाब बसला तरी आवाज जाऊ शकतो, घसा निरोगी असला तरीही." मी म्हणालो, ही ओळ काढू या, पाटीवर मावत नाही. त्या म्हणाल्या, ती डॉक्टर होणाऱ्या मुलांसाठी आहे, तीच राहू दे, हवं तर वरचं कमी करा.

ओळ बसवायला तीन वेळा पाटी पुसावी लागली. "निरोगी"तला "रो" दोनदा बिघडला. शेवटी जमली. लांबून स्पष्ट वाचता येते.

सोमवार, २४

आज मन हलकं आहे. विभागात एक शिकाऊ डॉक्टरीण आहे, माझ्या मुलीच्या वयाची, तालमीत पुढे बसली होती. तिने मला खुर्चीत बसवून आ करायला लावलं, विजेरी मारून बघितलं. "काका, घसा तर स्वच्छ आहे. लाली नाही, सूज नाही." पुढे काहीतरी म्हणत होती, आतून आरशाने बघायला हवं, कान-नाक-घशाच्या विभागात येता का म्हणून, पण तेवढ्यात तिला बोलावणं आलं.

घसा स्वच्छ. घरी येऊन हिला पहिलं तेच सांगितलं. ती म्हणाली, "स्वच्छ आहे तर मग आवाज का जातो?" बायकांना आनंदाची बातमी नीट घेता येत नाही.

मोठा माणूस पुरा झाला. तार पुन्हा लांबची घातली, बारकाईने, छत्रीच्या मुठीखालून. हातांना अजून कुणी निवृत्त करू शकत नाही.

शुक्रवार, २८

झालं.

दीडशे माणसं असतील. अधिष्ठाता पहिल्या रांगेत, ही दुसऱ्या रांगेत नव्या साडीत. पहिल्याच वाक्याला आवाजाने दगा दिला. क्षणभर वाटलं, संपलं. मग मी ओरडायचा प्रयत्नच सोडला आणि कुजबुजल्यासारखं बोलायला लागलो. गंमत अशी की लोक गप्प झाले. खुर्च्या पुढे सरकल्या. मागचे उठून जवळ आले. मुगाएवढ्या गर्भाचं शेपूट दाखवलं तेव्हा एका बाईंनी नकळत आपल्या कमरेच्या मागे हात लावला. मी म्हणालो, हो, तिथेच, माकडहाड म्हणतो ते त्याचंच उरलेलं. मी त्यांना सांगितलं की कमानी सारख्या आहेत पण हुबेहूब नाहीत, आणि चुलत भावंडांचं असंच असतं, नाक एक, तोंडं वेगळी. हिची बेलची गोष्टही वापरली, तिचं नाव न घेता. लोक हसले.

शेवटी तारेवर बोट ठेवलं. कवटीपासून निघालो, स्वरयंत्राशेजारून खाली, छातीत, वळशाखालून, परत वर. सगळ्यांची नजर बोटाबरोबर.

काही प्रश्न? म्हणून विचारलं, तर हिने हात वर केला. मला वाटलं, चेष्टा करणार.

"म्हणजे आवाज गेला तर छाती बघायची?"

"चांगला प्रश्न आहे," मी म्हणालो. सगळ्यांना म्हणायचं ठरवलं होतं तसं. "हो. घसा स्वच्छ असेल तर छातीच बघायची. पाटीवर लिहिलंच आहे."

दाराशी उभ्या असलेल्या मॅडमनी एकदम माझ्याकडे मान वळवली. टाळ्या खूप वाजल्या. अधिष्ठात्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, यंत्रं परत पाठवतो, यांना कायम करू. ही टाळ्या वाजवत नव्हती. इतका वेळ गर्दीत बसून दमली असेल.

सोमवार, ३१

खोलीला कुलूप लागलं. किल्ली देऊन टाकली. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, कारण घरात दुसरंच चालू आहे.

हिने मला न विचारता मॅडमना फोन केला. मी मोठ्या डॉक्टरांना दाखवलंच नव्हतं हे सांगून टाकलं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "इतके दिवस माझ्यासमोर होतात, आणि मी तुम्हाला ती ओळ लिहायला दिली." छातीच्या फोटोची वेळ त्यांनीच ठरवली, परवाची. मी हिला म्हणालो, घशाचं दुखणं आणि छातीचा फोटो, लोक हसतील. तिने कॅलेंडरवर परवाच्या तारखेभोवती गोल काढला.

उगाच घाबरल्या आहेत दोघी. एवढा धूर खाल्ल्यावर आवाज जायचाच.

बुधवार, २

फोटो काढला. थंड पाटीला छाती लावून उभं राहायचं, श्वास रोखायचा, सोडायचा. मग बाहेर बाकावर बसून राहिलो. ही माझी पिशवी धरून शेजारी. पाऊण तासाने आत बोलावलं.

डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला आणि कागद चाळायला लागले. त्यांना काय माहीत की समोरचा माणूस एकतीस वर्षं हेच करतोय. छातीत काय कुठे असतं आणि कुठे काय नसतं, ते माझ्या बोटांना पाठ आहे. छत्रीची मूठ मला दिसली. तिच्याखाली जी मोकळी जागा असते, जिथे मी आठवड्यापूर्वी चिमट्याने तार वळवली, ती जागा मोकळी नव्हती. लिंबाएवढं काहीतरी तिथे होतं. ते कुठल्याच साच्यात नव्हतं. डॉक्टरांनी मान वर करायच्या आधी माझं बोट उठून तिथे टेकलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी नाही म्हणालो.

पाटी मीच लिहिली होती. तीन वेळा. दीडशे माणसांना मीच सांगितलं. आणि महिनाभर मिठाच्या गुळण्या केल्या. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही. रागही आला, पण कुणावर काढणार? महिन्यापूर्वी थोरल्या कारागिराला जाब विचारला असता. आता ठाऊक आहे की हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, ना ती तार, ना तिच्याखाली वाढलेलं ते. त्याने बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

अजून तपासण्या आहेत. सुई घालून तुकडा काढणार, मग काय ते कळेल, म्हणाले डॉक्टर. काही इलाज होतात, काही नाही होत, आधी बघू या.

बाहेर येऊन त्याच बाकावर बसलो. ही म्हणाली, "ते आत जे बोलले ते मला कळलं नाही. तुम्ही सांगा. त्या दिवशी लोकांना सांगत होतात तसं सांगा."

मला तेवढंच येत होतं. मी माशापासून सुरुवात केली. हृदय आधी कुठे असतं, मग मान कशी लांबते. तिने माझा हात धरला.

"मासा राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही बरे होणार का ते सांगा."

मी म्हणालो, माहीत नाही. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.